पुरावा प्रतिवादीच्या तोंडात

किरकोळ दाव्यांच्या न्यायाधिकरणाबाहेर बसायला बाक एकच होता. त्यामुळे एकमेकांचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतलेले दोघे भाऊ एकाच बाकावर, एकाच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मध्ये आक्का. आक्काच्या मांडीवर काचेची बरणी, आणि बरणीत, पाण्यात बुडालेलं, भांडणाचं मूळ: वरची आणि खालची मिळून एक अख्खी कवळी. ती सगळ्यांकडे बघून हसत होती.

दादानं, म्हणजे थोरल्यानं, मान फिरवली. उभं आयुष्य लोकांचे दात बनवण्यात गेलं, पण आपणच केलेल्या दातांनी आपल्याला हसावं, ही वेळ पहिलीच.

"किरकोळ म्हणे," आक्का दारावरच्या पाटीकडे बघत फणकारली. "तीन पिढ्यांचं घराणं आपलं, आणि पाटी काय, तर किरकोळ. मोठं कोर्ट नव्हतं का रे कुठे?"

"मोठ्या कोर्टात वकील लागतो, आक्का," दादा भिंतीला म्हणाला. "इथे वकील चालत नाही. ज्याचं त्यानं बोलायचं."

"अगं बाई. मग हरल्यावर शिव्या कुणाला घालायच्या?"

हा विचार दादाच्याही मनात येऊन गेला होता. वकील असता तर फी देऊन का होईना, दोष टाकायला एक डोकं मिळालं असतं. आता होतं ते त्याचं स्वतःचं, आणि त्यात एक भाषण होतं. आरशासमोर उभं राहून दाढी करताना त्यानं ते पाठ केलं होतं. भाषण आजोबांपासून सुरू व्हायचं. अडचण एवढीच, की ते वडिलांपर्यंत पोचेस्तोवर गालावरचा साबण वाळायचा, आणि स्वतःचा भाग त्यानं अजून एकदाही म्हणून पाहिला नव्हता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ बसला होता. घरात त्याला भोंगा म्हणत, आणि ते नाव त्यानं कमावलेलं होतं. जुन्या सामानाच्या लिलावघरात तो बोली पुकारायचा. आवाज असा, की रस्त्यापलीकडची माणसं नको असलेली कपाटं विकत घेऊन जायची. आज मात्र भोंग्याचे गाल आत गेले होते, ओठ आत गेले होते, आणि तोंड कापडी पिशवीच्या नाडीसारखं आवळलेलं होतं. दादानं चोरून एकदा बघितलं आणि पुन्हा भिंत धरली.

भोंग्याच्या शेजारी चिमी बसली होती. चिमी दादाची मुलगी, चाळिशीला टेकलेली, कारखान्यात बापाच्या हाताखाली वाढलेली. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक नळ, पण आजोबांनी म्हटलं म्हणून सगळे कारखानाच म्हणत. आज ती काकाच्या बाजूला का बसली आहे, हे दादानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ही त्याला भीती होती.

"निळा कोट!" शिपाई दारातून ओरडला.

धोब्याकडून निळा होऊन आलेला पांढरा कोट हातात धरून एक गृहस्थ आत गेले. मागोमाग धोबी. या शिपायाला माणसांच्या नावांशी देणंघेणं नव्हतं. तो वस्तूंनी हाक मारायचा. मघाशी 'गळका नळ' आत जाऊन आला होता, आणि 'डावा बूट' अजून आतच होता की काय कोण जाणे. कधीतरी तो 'कवळी!' म्हणून ओरडणार आणि त्या आरोळीला आपण उठून उभं राहणार, या कल्पनेनं दादाचे कान आताच तापले होते.

*

खरं तर या भांडणाची सुरुवात दातांपासून झालीच नव्हती. ती झाली मांजरापासून.

आक्काकडे सगळे जेवायला जमले होते. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, गप्पा मारता मारता, मांडीवरचं मांजर कुरवाळत होता. बराच वेळ. मध्येच त्यानं त्याला 'शहाणं गं माझं ते' असंही म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे गप्प झालेत आणि मांजर समोरच्या खुर्चीवरून त्याच्याकडे बघतंय. मांडीवर आक्काची लोकरीची टोपी होती.

एवढ्यावर हसून विषय संपला असता. पण भोंग्याला हातोडा दिसला की मारायची सवय. तो उभा राहिला आणि लिलावाच्या आवाजात पुकारा केला, "दादाचे डोळे, एक वार! दादाचे डोळे, दोन वार! गेले हो, तीन वार! आता कारखाना चिमीला दे आणि गप घरी बस."

दादा तिथून उठला, टोपी आक्काला दिली, आणि त्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं बंद.

पण भोंग्याचं माप त्याआधीच घेतलेलं होतं. राहिलेले दात काढून झाले होते, प्लास्टरचा साचा फळीवर वाळत होता, आणि घराण्याचा नियम असा, की घरच्या माणसाची कवळी घरच्या वडीलधाऱ्यानंच करायची. दादानं ठरवलं, करायची. अशी करायची, की तोंडात घातल्याबरोबर याला कळावं कोणाचे डोळे गेलेत ते. त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे, हे दादानं जरा जास्तच मनावर घेतलं.

आता त्या फळीबद्दल. घरातल्या सगळ्यांच्या तोंडांचे साचे तिच्यावर ओळीनं मांडलेले होते, आणि एकावरही नाव नव्हतं. आजोबा म्हणायचे, "नाव लिहावं लागतं ते परक्याच्या तोंडावर. घरचं तोंड बोटाला कळलं पाहिजे." आणि कळायचंही. आक्काचा जबडा अरुंद. वडिलांची उजवी हिरडी बसकी. दादाचं आणि भोंग्याचं तोंड मात्र सारखंच, एका आईची दोन पोरं. फरक एकच: भोंगा लहानपणी तोंडात पत्र्याची शिट्टी धरून जिन्यावरून धावत होता आणि पडला होता. शिट्टी निघाली, पण टाळूवर एक बारीक उंचवटा कायमचा राहिला. बोट फिरवलं की लगेच लागायचा.

दादानं फळीवरून साचा काढला आणि एका बैठकीत असे दात केले की स्वतःच बघत राहिला. खरं तर मेणात बसवून एकदा तोंडात घालून बघायचे असतात. पण त्यासाठी भोंग्याला 'आ कर' म्हणावं लागलं असतं, आणि बोलणं तर बंद होतं. कवळी आक्काच्या हातून पाठवली. आक्कानं ती पोचवली आणि येताना दोन्ही घरी चहा घेतला.

पुढचं सगळ्या गावाला माहीत होतं. भोंग्याच्या तोंडात ती कवळी जेवताना नाचायची, बोलताना शीळ घालायची, आणि शिंक आली की प्रवासाला निघायची. तरीही तो ती घालून लिलावाला उभा राहिला. एका पितळी फुलदाणीची बोली रंगली होती. 'तीन वार' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, हातोडा खाली आला आणि वरची कवळी सुटून थेट फुलदाणीत. फुलदाणी घेणारा माणूस कायद्याला पक्का निघाला. "हातोडा पडला तेव्हा ती आत होती," तो म्हणाला. "म्हणजे आतल्या मालासकट माझी." बऱ्याच विनवण्यांनंतर त्यानं कवळी परत केली, तीही दयेनं नव्हे, तर तिच्यामुळे फुलदाणीत फुलं नीट बसत नव्हती म्हणून.

त्या दिवसापासून भोंग्याच्या जागी दुसराच कोणी पुकारतो, आणि भोंगा मागच्या खोलीत खुर्च्यांची धूळ पुसतो.

आणि मग दावा आला. दावा वाचून दादा इतका भडकला, की आक्कासमोर बोलून गेला, "निकाल माझ्याविरुद्ध गेला ना, तर त्या खिडकीजवळच्या स्टुलावर पुन्हा बसणार नाही!" स्टूल आजोबांचं होतं. त्यावर बसून वडील गेले, म्हणजे बसल्या बसल्याच गेले, हातात मेण कोरायची सुरी घेऊन. बैठक झिजून झिजून आता त्यावर दुसऱ्या कोणाला आरामही वाटला नसता. त्या स्टुलाशिवाय आपण म्हणजे नुसता एक म्हातारा, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. बोलल्याबरोबर त्याला वाटलं, शब्द परत घ्यावा. पण शब्द आक्कासमोर गेला होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नात्यात फिरून आला.

*

"कवळी!"

सगळे उठले. आत एक टेबल, एक पंखा आणि टेबलामागे बाई. चेहरा असा, की सकाळपासून नळ, बूट आणि कोट ऐकले, आता काहीही येऊ द्या. त्यांनी कागद चाळले.

"वादी?"

भोंग्यानं हात वर केला.

"प्रतिवादी?"

दादानं छाती पुढे काढली. "आमच्या आजोबांनी..."

"फक्त हात वर करा."

दादानं हात वर केला.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "दोन्ही बाजूंनी एकच नाव दिलंय. हे कोण?"

"मी," आक्का बरणी सावरत म्हणाली. "दोघांचीही मोठी बहीण."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं बोलणार?"

"जो बोलत असेल त्याच्या. मध्ये तोंड घालायची मला सवय नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "वादी, तुम्हाला काय हवंय? भरपाई किती मागताय ते लिहिलेलं दिसत नाही."

भोंग्यानं चिमीकडे बघितलं. चिमी उठली. "काकांना भरपाई नकोय. नवीन दात हवेत. मी केलेले."

अर्जाचा मसुदा इतका नीटनेटका कसा, हे दादाचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. स्वतःच्या लेकीनं लिहिलेला दावा आपण दोनदा वाचला आणि भाषेचं कौतुकही केलं!

"तू लिहून दिलंस?" तो कुजबुजला.

"घरात तुम्ही कुणाचं ऐकता का, बाबा?" तीही कुजबुजली. "म्हटलं, बाहेरच्यांचं तरी ऐकाल."

"प्रतिवादी, तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा."

थोडक्यात! दादानं आजोबांना वगळलं, मग जड मनानं वडिलांनाही वगळलं, आणि पाठ केलेलं भाषण संपलं. तो उघडा पडल्यासारखा उभा राहिला.

"दात उत्तम आहेत," तो म्हणाला. बोलताना त्याची स्वतःची जुनी कवळी टकटक वाजली. ती गेली कित्येक वर्षं वाजत होती. उद्या नवीन करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेली, दिव्याखाली अंधार. "माझ्या हातून इतके चांगले दात पूर्वी झाले नाहीत. दोष दातांत नाही, बाई. दोष तोंडात आहे."

"माझ्या तोंडात?" भोंगा उसळला. दातांशिवाय त्याचा आवाज सगळा फुसका व्हायचा, ओल्या फटाक्यासारखा. "अरे, मी गेले कित्येक दिवस भिजवलेला टोस्ट खातोय! टोस्ट! तोही चमच्यानं!"

"तेच म्हणतेय मी," आक्का म्हणाली. "कसा वाळलाय बघा बिचारा."

"आक्का, तू माझी साक्षीदार आहेस," दादा म्हणाला.

"हो ना. दादाचा हातही सोन्याचा आहे, बाई. त्यात वाद नाही."

"दाखवा बरं घालून," बाई भोंग्याला म्हणाल्या.

आक्कानं बरणी उघडली. भोंग्यानं कवळी लावली, ओठ आवळले आणि म्हणाला, "सभ्य सद्गृहस्थहो..." लिलावाची सुरुवात तो अशीच करायचा. प्रत्येक 'स'ला शीळ फुटली, आणि शेवटच्या शिळेबरोबर खालची कवळी बाहेर येऊन टेबलावर, बाईंच्या कागदांवर, जराशी घसरत जाऊन थांबली. शिपायानं दारातून डोकं आत घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं.

"हे उत्तम?" बाईंनी विचारलं.

आता दादाचं डोकं फिरलं. हसू येत असलेल्या माणसाला चेहरा सरळ ठेवता येतो; अपमान झालेल्या माणसाला नाही. तो म्हणाला, "त्याला घालता येत नाही! कवळी नीट बनवलेली असली तर परक्या तोंडातसुद्धा घटकाभर टिकते. हे बघा!"

आणि कोणी अडवायच्या आत त्यानं आपली जुनी कवळी काढून आक्काच्या बरणीत टाकली, कागदांवरचे खालचे, भोंग्याच्या तोंडातले वरचे असे सगळे दात घेतले, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यातून फिरवले आणि तोंडात घातले. तो पेला बाईंचा होता, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

टक.

एवढाच आवाज झाला. घरी आल्यासारखा.

दादा उभाच राहिला. वरची कवळी टाळूला अशी चिकटली होती, की दोघांत हवेलाही जागा नव्हती. खालची हिरडीवर बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. त्यानं दात एकमेकांवर टेकवून बघितले. बरोबर. जीभ फिरवली. बरोबर.

"आमच्या आजोबांनी," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. इतका स्वच्छ आवाज आपल्या तोंडून कधी निघाला होता? 'स' नाही, 'च' नाही, काही अडखळत नव्हतं. "आमच्या आजोबांनी सुरू केलेल्या या व्यवसायात सचोटी, सफाई आणि..." वाक्य कसं खळखळत निघालं होतं. आरशासमोर कधी जमलं नाही ते भाषण आता दातांनी आपणहून म्हणायला घेतलं होतं. क्षणभर दादा नुसता सुखी होता.

मग त्याला कळलं.

त्यानं चिमीकडे बघितलं. चिमी आधीच त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. तिला माहीत होतं. तो फळीवरून साचा काढताना तिनं बघितलं असणार, आणि तिला वाटलं असणार, बाबा शेवटी स्वतःसाठी नवीन दात करताहेत. ते काकाच्या घरी पोचल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला असणार. आणि ती कोणाला बोलली नव्हती. काकालाही नाही.

"काढा आता," बाई म्हणाल्या.

दादानं अंगठा लावून ओढलं. कवळी हलली नाही. दुसरा अंगठा लावला. बाईंसमोर वाकून, पाठ फिरवून, खोकून, गाल फुगवून बघितलं. इतकी चांगली कवळी त्यानं खरंच आजवर केली नव्हती.

"निघत नाहीये," तो म्हणाला. अगदी स्वच्छ उच्चारात.

"दात चोरले माझे!" भोंगा ओरडला. "बाई, लिहून घ्या! भर कोर्टात चोरले!"

"चोरले कसे? तुझ्यासमोर घातलेत त्यानं," आक्का म्हणाली.

"शांत बसा," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय होती. "वादग्रस्त वस्तूची पाहणी केली. पुरावा... सध्या... प्रतिवादीच्या तोंडात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मला दातांतलं कळत नाही. पण समोर दिसतंय ते असं, की वस्तू नीट बनवलेली आहे. बसते, टिकते, त्यांचं बोलणंही सुधारलं. म्हणजे बनवण्यात दोष नाही असं मला म्हणावं लागेल. वादींना आणखी काही सांगायचंय?"

भोंग्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याच्या आवाजानं काचा थरथरायच्या, त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि असतं तरी सांगायला दात नव्हते. तो खाली, स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. बोटांच्या पेरांत लाकडी खुर्च्यांची धूळ बसली होती.

दादा जिंकला होता. स्टूल वाचलं होतं. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवायला यापेक्षा चांगले दात जगात नव्हते. घरी जायचं, खिडकीशी बसायचं, मेणाची सुरी हातात घ्यायची. चिमी बोलली नसती. चिमी आजवर बोलली नव्हती. तेच तर होतं ना. खरं काय ते सांगणं तिनं त्याच्यासाठी शिल्लक ठेवलं होतं.

*माझ्या लेकीला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, पण तोंडाचा आहे,* दादाच्या मनात आलं. *आणि मी इकडे उलटंच धरून बसलोय.*

"बाई," तो म्हणाला, "जरा थांबा. दात चांगले आहेत. पण त्याचे नाहीत ते."

"मग कोणाचे?"

"माझे."

आक्कानं बरणी छातीशी धरली.

"फळीवरून साचा घेताना चुकलो मी. आमच्या दोघांची तोंडं सारखी. त्याच्याऐवजी माझाच साचा घेतला, आणि त्यावर त्याचे दात केले. म्हणजे माझेच केले. आणि वर त्याला म्हणालो, दोष तुझ्या तोंडात आहे." दादाला हसू यायला लागलं होतं, आणि ते त्याला आवरता येईना. "स्वतःचंच तोंड ओळखू न आलेला दातवाला बघितलाय का कधी, बाई? बघून घ्या. फी नाही."

"पण बोटाला कळतं ना!" भोंगा ओरडला. रागानं नव्हे, खरंच कोड्यात पडून. "माझ्या टाळूला ती शिट्टीची खूण आहे. आंधळ्यालाही कळेल. बोट फिरवलं नाहीस का?"

"नाही."

"का?"

दादा म्हणाला, "हात मागे बांधले होते."

"कोणी?"

"मीच. म्हटलं, हात न लावता, नुसत्या नजरेनं ओळखून दाखवतो."

"कोणाला दाखवतो?"

"तुला."

"अरे, पण मी तिथे नव्हतोच!"

"म्हणून तर!" दादा म्हणाला. "असतास तर म्हणाला नसतास का, की हात सोड, मूर्खा?"

भोंगा त्याच्याकडे बघत राहिला. दादाला वाटलं, आता तो उभा राहणार. एक वार, दोन वार, तीन वार. आणि तसा पुकारा झाला असता तर दादानं मान खाली घालून ऐकून घेतला असता. भोंग्याच्या घशात काहीतरी आलंही होतं. पण त्यानं ते गिळलं, चिमीकडे वळला आणि म्हणाला, "आता हा स्टुलाचं काढेल बघ."

"काढतोच," दादा म्हणाला. "शब्द दिलाय."

"कोणाला?"

"आक्काला."

"आक्काला दिलेला शब्द कोणी धरतं का?" भोंगा म्हणाला.

"धरू नका," आक्का म्हणाली. "मी तरी कुठे धरते?"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी निकाल लिहिला आणि वाचून दाखवला. दावा मान्य. वादीचं नवीन माप प्रतिवादीच्या मुलीनं घ्यावं आणि दात तिनंच करावेत. वादीनं आणि प्रतिवादीनं त्या वेळी हजर राहून एकमेकांशी बोलावं. न बोलल्यास इथे येऊ नये. वादग्रस्त वस्तू प्रतिवादीनं स्वतःकडेच ठेवावी, कारण ती तूर्त निघत नाही.

"आणि माझा पेला," बाई म्हणाल्या, "तोही घेऊन जा."

*

माप घ्यायच्या दिवशी चिमी स्टुलाजवळ जाऊन उभी राहिली. बसली नाही. दादानं पुढे होऊन स्टूल खिडकीकडे नीट सरकवलं आणि बाजूला झाला.

"बस. खड्डा जरा डावीकडे आहे. पहिले काही महिने त्रास होईल."

ती बसली. दादानं स्वतःसाठी पलीकडच्या भिंतीशी खुर्ची ओढली. तिथे उजेड पोचत नव्हता. "बरी आहे ही जागा," तो म्हणाला. "तसंही मला दिसत नाहीच. उजेड कशाला वाया घालवा?"

फळीवर आता प्रत्येक साच्याखाली चिठ्ठी चिकटवलेली होती. चिमीनं मोठ्या, ठळक अक्षरांत नावं लिहिली होती. आजोबांचा नियम मोडला म्हणून दादानं थोडी कुरकूर करून बघितली, पण चिमी म्हणाली, "तुम्हाला तिथून वाचता येत नाहीत, बाबा. तुमच्यापुरता नियम तसाच आहे."

घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी भांडणात असं बोललं होतं, की दोन्ही बाजूंना गप्प बसावं लागलं. आक्कानं मात्र दादाचे जुने दात असलेली बरणी खिडकीत नेऊन ठेवली, 'आठवण' म्हणून. दादानं ती दोनदा आत सरकवली. आक्कानं ती तीनदा बाहेर काढली.

भोंगा खुर्चीत डोकं मागे टेकून बसला. चिमीनं आरसा घेऊन आत बघितलं, मग कपाळाला आठी घातली.

"बाबा, टाळूचा तो उंचवटा. नक्की किती आहे, कळत नाहीये. साच्यात नीट उतरायला हवा. हात लावून सांगता का?"

दादा उठला. हात धुतले, पुसले. धाकट्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. आता बोलणं भाग होतं.

"आ कर."

"किती?" भोंगा म्हणाला.

"बोली लावतोयस का? आ कर."

भोंग्यानं आ केला. दादानं डोळे मिटले. बोट हिरडीवरून आत गेलं, टाळूवर चढलं, जरा पुढे, जरा डावीकडे. आणि तिथे ते होतं: बारीक, टणक, वाटाण्याच्या अर्ध्याएवढं. जिना, शिट्टी, आईची किंकाळी, आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं आणखी एक शीळ घालायला निघालेलं ते कार्टं.

"हां," दादा म्हणाला. "सापडलास."

आणि भोंग्यानं संधी साधून, सगळ्या ताकदीनिशी, हिरड्यांनी का होईना, त्याचं बोट कडकडून चावलं.